वाड्यातले दप्तर चावडीवर
भारत इतिहास संशोधक मंडळाची वाटचाल

आषाढ शुद्ध प्रतिपदा शके १८३२, म्हणजे ७ जुलै १९१०. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या मेहेंदळे वाड्यात त्या दिवशी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. स्थापणारे दोघे : इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि वाड्याचे धनी सरदार खंडेराव चिंतामण ऊर्फ तात्यासाहेब मेहेंदळे. एकाकडे अफाट विद्वत्ता होती आणि डोक्यात राख घालून घेण्याची सवय होती. दुसऱ्याकडे वाडा होता. नाव मात्र दोघांनी थेट भारताचे घेतले. पुढच्या शंभर वर्षांत मंडळाने जे कमावले ते बहुतेक मावळ, देश, कोकण इथल्या घराघरांतून, माळ्यांवरून आणि देवघरांतून. नाव देशाचे आणि काम गावाचे, अशी ही जोडी पहिल्या दिवसापासून आहे. मला तरी तीत काही विसंगती वाटत नाही. देशाचा इतिहास अखेर कुठल्या तरी गावातल्या पेटाऱ्यातच सापडतो.

मंडळ आभाळातून पडले नाही. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला. पुढे चाळीसएक वर्षांनी, १८६७ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थीदशेतल्या तरुणाने त्यावर टीकेचा निबंध लिहिला. साहेबाच्या ग्रंथात चुका काढता येतात, हे तेव्हा पहिल्यांदा लोकांना दिसले. पण चूक दाखवायची तर हातात कागद हवा. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाले आणि जुन्या बखरी, पत्रे छापून बाहेर येऊ लागली. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर उलगडत होते, साताऱ्यात पारसनीस मिळेल ते जमवत होते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतच्या दहाबारा वर्षांची अस्सल पत्रे त्यात होती, आणि वर पानिपताची नव्याने चिकित्सा करणारी लांबलचक प्रस्तावना. अशा खंडांची संख्या पुढे बावीसवर गेली.

ही सगळी एकेकट्या माणसांची कामे होती. माणूस गेला की त्याच्या संग्रहाचे काय, याला कोणाकडे उत्तर नव्हते. पारसनिसांचा संग्रह त्यांच्या पश्चात अखेर डेक्कन कॉलेजात आला म्हणून वाचला. सगळ्यांचे नशीब असे नव्हते. शिवाय पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यासाठी पुण्यात १८९१ मध्ये दगडी इमारत उभी राहिली, पण आतल्या रुमालांना, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यांना, हात लावायची मुभा एतद्देशीय अभ्यासकाला जवळजवळ नव्हतीच. सरकारी दाराला कुलूप, तेव्हा राहिली खासगी घरे : देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, इनामदार, मठ. मंडळाचा सगळा पसारा या अडचणीतून वाढला. कुलूप नसते तर पुण्यातले संशोधक कदाचित त्या दगडी इमारतीतच बसून राहिले असते आणि गावोगावची दप्तरे वाळवीने खाल्ली असती.

राजवाड्यांच्या भटकंतीच्या कथा महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हाताने रांधून खाणारा, तरुणपणीच विधुर झालेला हा माणूस गावात उतरायचा, कोणाच्या तरी ओसरीवर बसायचा आणि ‘जुने कागद आहेत का’ म्हणून विचारायचा. घरमालकाला भीती वतनाची. कागद बाहेर गेला आणि भाऊबंदांच्या हाती लागला तर? त्यामुळे कागद आहेत हे कबूल करायलाच लोक तयार नसत. त्याच घरात ते कागद पावसाने भिजून लगदा झालेले असायचे, किंवा वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले असायचे. माणूस कागद लपवतो तेवढ्याच निष्ठेने तो नासूही देतो, हा अनुभव मंडळाच्या कार्यकर्त्यांना पिढ्यान् पिढ्या येत राहिला.

मंडळाने यावर जो उपाय काढला तोच माझ्या मते या संस्थेचा सर्वांत मोठा पराक्रम. मिळालेला कागद चारचौघांत वाचायचा. त्यासाठी पाक्षिक सभा. ज्याला कागद सापडला त्याने तो सभेपुढे ठेवायचा, वाचून दाखवायचा, अर्थ लावायचा. मग बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचे. तारीख चुकली, नाव चुकले, मोडीतला ‘न’ तुम्ही ‘र’ वाचलात. त्यातून जे तावून सुलाखून निघेल ते वार्षिक इतिवृत्तात, संमेलनवृत्तात आणि पुढे त्रैमासिकात छापायचे. कागद कोणत्या घरातला, हेही सांगायचे. घरमालकाला त्यात मान मिळे, कागदाचा ठावठिकाणा नोंदला जाई आणि वाचणाऱ्याची लबाडी चालत नसे. राजवाड्यांचा बखरींवर फारसा विश्वास नव्हता. अस्सल चिठोरे त्यांना जाडजूड बखरीपेक्षा मोलाचे वाटे. पण चिठोरे अस्सल की नक्कल हे एकट्याने ठरवू नये, हे शहाणपण सभेचे.

हे वाचन म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रुमाल म्हणजे चौकोनी फडके, त्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गाठ सोडली की आधी धूळ, मग जुन्या कागदाचा वास, क्वचित कोणी घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा. कागद हातबनावटीचा, जुन्नरी किंवा दौलताबादी, शंभराला शंभर वर्षे जोडली तरी टिकणारा. त्याला मारते ती कसर आणि ओल. मजकूर लांबला की खाली दुसरा बंद चिकटवायचा, आणि जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. अखेरीस मोर्तब. त्याच्यापुढे एक अक्षर वाढवायची सोय नाही.

आणि तारीख. वर्ष आकड्यात नसते, अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सबैन व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, अलफ हजार : सुहूर सन १०७१. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून याला मृगसाल म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो. इथे १६७० च्या मृगापासून १६७१ च्या मृगापर्यंतचे वर्ष. महिना मात्र मुसलमानी चांद्र, रबिलावल किंवा जिल्काद, आणि तिथीच्या आधी ‘छ’. म्हणजे वर्ष सूर्याच्या चालीने आणि महिना चंद्राच्या. एवढ्या कसरतीनंतर कळते की अमुक गावच्या पाटलाला अमुक दिवशी ताकीद गेली. मग तो दिवस जंत्रीत पाहायचा, वार जुळतो का बघायचा. वार जुळला नाही तर कागद संशयित. दत्तात्रेय विष्णू आपटे यांच्यासारख्या कालगणनेच्या जाणकारांनी या बाबतीत मंडळाला जी शिस्त लावली, तिच्यावर आजही आपण जगतो.

याच शिस्तीची कसोटी पाहणारे प्रकरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. बखरींवरून शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष तेव्हा सर्वमान्य होते. भोरजवळच्या रोहिडखोऱ्यातले कारी हे जेध्यांचे गाव. महाराजांच्या सुरुवातीच्या उद्योगात ठाम पाठीशी राहिलेल्या कान्होजी जेध्यांचे हे घराणे. या देशमुख घराण्याकडून लोकमान्य टिळकांना एक शकावली मिळाली. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांच्या त्रोटक नोंदी : शक, संवत्सर, महिना, तिथी आणि काय घडले ते एकदोन ओळींत. वर्णन नाही, अलंकार नाही, कोणाची स्तुती नाही. टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जवळजवळ तीन वर्षांचा फरक!

वाद पेटला. एका देशमुखाच्या घरातली यादी खरी मानायची, की इतक्या बखरींची परंपरा? मंडळाने केले ते असे. शकावलीतल्या इतर नोंदी घेतल्या, अफजलखानाच्या वधापासून आग्र्याच्या सुटकेपर्यंत, आणि त्या फारसी, इंग्रजी साधनांशी ताडून पाहिल्या. त्या जुळत गेल्या. मग राजस्थानात जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात शिवाजी महाराजांची कुंडली निघाली. तिचीही तिथी तीच. १९२५ मध्ये द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांनी ‘शिवचरित्रप्रदीप’ काढून ही साधने एका जागी मांडली. दिवेकरांना तंजावरला कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’ची हस्तलिखिते मिळाली होती. महाराजांच्या हयातीतल्या या काव्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. मंडळाने ‘शिवभारत’ मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. गंमत अशी की त्याच १९२७ मध्ये जुन्या तिथीप्रमाणे महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव थाटाने साजरा झाला.

मावळातले कारी, कावेरीकाठचे तंजावर आणि राजपुताना. एकमेकांची गंधवार्ता नसलेली ही तीन साधने एकाच दिवसावर येऊन थांबली. यापेक्षा पक्का पुरावा इतिहासात क्वचित मिळतो. राज्य शासनाची शिवजयंती आज १९ फेब्रुवारीला होते तिच्या मुळाशी हे आहे. तिथीप्रमाणे करणारे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात; दोघांचाही आधार कारीच्या त्या पानांतला. जेध्यांनी ती पाने ‘घरची गोष्ट’ म्हणून पेटीत ठेवली असती तर आपण अजून १६२७ च्याच साली नवस फेडत बसलो असतो.

नव्या तिथीप्रमाणे १९३० हे तीनशेवे वर्ष. त्या निमित्ताने ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ निघाला, त्या काळच्या हजारो पत्रांचे सार तारीखवार लावलेले. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे त्याचे संपादक. ‘शिवचरित्रसाहित्य’चे खंडही मंडळाकडून एकामागून एक येत राहिले. हे ग्रंथ कोणी गादीवर लोळत वाचण्याजोगे नाहीत. पण शिवकालावर एक ओळ लिहायची तरी यांच्या दारावरून जावे लागते.

माणसांबद्दल लिहायचे तर दोघांवरच थांबतो, नाहीतर ही यादी होईल. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार हे मंडळाचा आवाज. दीर्घकाळ चिटणीस, आजन्म ब्रह्मचारी, सभा जिंकणारे वक्ते, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी शिवचरित्र लिहावे म्हणून सरकारने त्यांच्याकडे काम सोपवले, आणि ते चरित्र कधीच लिहून झाले नाही. यावरून त्यांना पुष्कळ टोमणे खावे लागले. टोमणा रास्तच आहे. पण पोतदारांनी बोलून, फिरून, माणसे जोडून मंडळाकडे जेवढी दप्तरे आणली, तो हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरे ग. ह. खरे, वृत्तीने पोतदारांच्या नेमके उलट. पनवेलचा हा माणूस, पदवी नाही, असहकाराच्या दिवसांत शिक्षण सोडलेला. स्वतःच्या कष्टाने फारसी शिकला, शिलालेख आणि ताम्रपट वाचायला शिकला, मूर्ती ओळखायला शिकला आणि जन्मभर मंडळात बसून तेच करत राहिला. ‘मूर्तिविज्ञान’, ‘महाराष्ट्राची चार दैवते’, ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड, ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’. आणि नव्या माणसासाठी ‘संशोधकाचा मित्र’. हे शेवटचे पुस्तक मला सर्वांत मोठे वाटते. कालगणना कशी करायची, लिपी कशी ओळखायची, मोजमापे कोणती, हा सगळा कारागिराचा माल त्यांनी उघडा करून ठेवला. अनेक विद्वान अशी किल्ली मरेपर्यंत कनवटीला लावून हिंडतात.

मंडळाची भांडणेही सांगितली पाहिजेत. त्यांच्याविना पुण्याच्या संस्थेचा इतिहास पुरा होत नाही. खुद्द राजवाड्यांचेच मंडळाशी बिनसले. ते अखेरीस धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. धुळ्यात लगेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. त्यांचे कागद तिथे राहिले, ‘संशोधक’ हे नियतकालिक तिथून निघू लागले. खानदेशाला स्वतःची संस्था मिळाली ती पुण्यातल्या भांडणामुळे. पुढे १९३४ मध्ये नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ उभे राहिले. इतिहास पुण्यातच शिजतो आणि बाकीच्यांनी वाढून घ्यायचा, या समजुतीला या संस्थांनी वेळीच छेद दिला हे बरे झाले.

दुसरे भांडण पेशवे दप्तराचे. सरकारने अखेर त्या दगडी इमारतीचे कुलूप काढले, पण निवड करून छापायचे काम दिले रियासतकार गो. स. सरदेसाई यांना, पाठीशी इतिहासकार जदुनाथ सरकार. मंडळाला हा आपला अपमान वाटला. वर्षानुवर्षे दार ठोठावले आम्ही आणि आत गेले दुसरेच! सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले. मंडळाचा आक्षेप असा की निवड म्हटली की निवडणाऱ्याची नजर आली, आणि गाळलेला कागद पुन्हा अंधारात गेला. आज दोन्ही बाजूंचे म्हणणे पाहता मला वाटते, तत्त्वाने मंडळ बरोबर होते आणि व्यवहाराने सरदेसाई. सगळे कागद छापीन म्हणणाऱ्याच्या हातून पाच वर्षांत पंचेचाळीस खंड झाले नसते.

तिसरी गोष्ट भांडणाइतकी गाजली नाही, पण अधिक गंभीर आहे. मंडळाचे जुने सभासद, वक्ते, लेखक पाहिले तर बहुतेक पुण्याच्या चारदोन पेठांतले, एका थरातले पुरुष. स्त्रिया जवळजवळ नाहीत, बहुजन समाजातले अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके. याच्या उलट मंडळातले कागद पाहावेत. गावचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई आणि त्यावर सगळ्या गावाची साक्ष पडे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढी : पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. कागदावर अख्खे गाव हजर असायचे. कागद वाचायला बसलेल्या सभेत ते गाव नव्हते. हे वैगुण्य अलीकडे कमी होते आहे. मोडीच्या वर्गात आज जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलेमुली येतात आणि आपल्याच गावचे महजर वाचतात. त्यांनी लावलेले अर्थ जुन्या मंडळींच्या अर्थांशी जुळतीलच असे नाही. न जुळोत. पाक्षिक सभेची रीतच ती आहे.

आज मंडळ सदाशिव पेठेत स्वतःच्या वास्तूत आहे. संग्रहात सुमारे पंधरा लाख कागद, तीस हजारांच्या घरात हस्तलिखिते, हजारो नाणी, सुमारे हजार चित्रे, शिवाय ताम्रपट, शिल्पे, मोठे ग्रंथालय. यातल्या मोडी कागदांपैकी वाचून झालेले किती थोडे! स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि आजोबांची सही नातवाला वाचता येईना. कागदांचे स्कॅनिंग होते आहे, ते व्हायलाच हवे. त्याने कसर आणि वाळवी यांची भीती कमी होते. पण चित्र काढले म्हणजे वाचन झाले असे नव्हे. पंधरा लाख कागदांना पंधरा लाख वेळा कोणीतरी डोळे लावावे लागणार आहेत.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. घरात, गावच्या वाड्यात, देवळात जुना रुमाल असेल तर तो उन्हात वाळवू नका, डिंकाने चिकटवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि पाणी किंवा तेल लावून अक्षर उठवायला तर मुळीच जाऊ नका. कोरड्या सुती फडक्यात सैल बांधा आणि जवळच्या संशोधन मंडळात दाखवायला न्या. पुणे असो, धुळे असो, नागपूर असो. कागद द्यायचा नसेल तर नक्कल करू द्या, मालकी तुमचीच राहील. वतने केव्हाच गेली, आता भाऊबंदांना भिण्याचे कारण नाही. दुसरी विनंती, मोडी शिका. थोड्या महिन्यांच्या सरावाने पेशवाईतले साधे पत्र वाचता येऊ लागते. शिवकालीन वळणाला जास्त वेळ लागतो. मंडळात वर्ग चालतात, आणि वाचणाऱ्यांची तिथे अजून वाणच आहे.